कंपवात की गोळीचा कंप?

आत्या देवघरासमोर वाती वळत बसली होती. एरवी गप्पा मारता मारता शंभर वाती वळून होतात तिच्या, त्या दिवशी एकाच वातीवर अडली होती. दोन्ही हात जड, चेहऱ्यावर हसू नाही की राग नाही, उठून चालली तर हात अंगाला चिकटलेले. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, कंपवात. गोळी सुरू होऊन महिना झाला होता, फरक शून्य. तिच्या उशाशी आणखी एक गोळी होती, ‘पित्ताची’. आठ महिने रोज सकाळी उपाशीपोटी घेतलेली. वेष्टनावर पॅन्टोप्राझोलच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं : लेवोसल्पिराइड.

कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार, आणि औषधाने होणारा पार्किन्सनिझम बाहेरून जुळ्या भावंडांसारखे दिसतात. हालचाल मंदावते, अंग ताठरतं, पावलं घासत पडतात. दोन्हींत डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचं काम अडतं, पण अडतं ते वेगवेगळ्या ठिकाणी.

मध्यमेंदूत सब्स्टान्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन तयार करून स्ट्रायटम या भागाकडे पोचवतात आणि त्यावर आपल्या हालचालींची सहजता अवलंबून असते. कंपवातात या पेशीच मरत जातात. त्यांच्यात अल्फा-सिन्युक्लीन हे प्रथिन गुठळ्या धरून साचतं. विहीरच आटत जाते म्हणा ना. आटणं वर्षानुवर्षं चालू असतं, म्हणून हात थरथरण्याच्या कितीतरी आधी वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ जडतं, झोपेत माणूस स्वप्नातल्या भांडणासारखे हातपाय झाडतो. सुरुवात बहुधा एकाच बाजूने होते. हात मांडीवर स्वस्थ ठेवला की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरू लागतात, अगदी वात वळल्यासारखी.

गोळीच्या कंपात विहीर भरलेली असते. झाकण बसलेलं असतं ते हंड्याच्या तोंडावर. डोपामिन पेशींवरच्या ज्या जागांवर, म्हणजे डी-२ ग्राहींवर, जाऊन बसायचं, तिथे औषध आधीच बसलेलं असतं. स्किझोफ्रेनियावरची हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन ही औषधं हेच करतात आणि भास-भ्रम कमी होतात तेही त्यामुळेच. साधारण ६५ टक्के ग्राही झाकले की आजार आटोक्यात येऊ लागतो, ८० टक्क्यांच्या आसपास गेलं की अंग ताठरण्याचा धोका वाढतो. किती निसरडी वाट आहे पाहा! पण मानसोपचाराशी काडीचा संबंध नसलेल्या गोळ्याही हे झाकण बसवतात : उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरचं सिनारिझिन, अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिन आणि पित्ताच्या गोळीतलं लेवोसल्पिराइड. औषध सगळ्या मेंदूत पसरत असल्याने दोन्ही बाजू बहुधा एकदमच जड होतात आणि तेही काही आठवड्यांत किंवा महिन्यांत.

आत्याला कंपवाताच्या गोळीने गुण का आला नाही, तेही इथेच कळतं. त्या गोळीतल्या लेव्होडोपापासून मेंदूत डोपामिन बनतं. झाकलेल्या हंड्यावर आणखी पाणी ओतून आत किती जाणार?

हे कोडं उलगडायला आपल्या सर्पगंधेचाही हात लागला आहे. तिच्या मुळांतलं रेसर्पिन डोपामिनचे साठेच रिकामे करतं. १९५७ मध्ये स्वीडनचे औषधशास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन सशांना निश्चल केलं आणि मग लेव्होडोपा टोचलं, तर ससे पुन्हा हलू लागले. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. १९६० मध्ये व्हिएन्नात कंपवाताने गेलेल्यांच्या मेंदूत डोपामिनचा तुटवडा प्रत्यक्ष मोजला गेला.

गोंधळाची किंमत दोन्हीकडून मोजावी लागते. गोळीच्या कंपाला कंपवात समजलं, तर खरं कारण रोज सकाळी पोटात जात राहतं. उलट, कंपवाताच्या रुग्णाला भास होऊ लागले म्हणून हॅलोपेरिडॉल दिलं, तर आटत्या विहिरीच्या हंड्यावरही झाकण बसतं आणि माणूस अंथरुणाला खिळू शकतो. तिथे क्लोझापिन किंवा क्वेटियापिनचा विचार होतो, कारण ती ग्राहींना सैल धरतात.

म्हणून कुणाच्या हालचाली मंदावल्या, तर डॉक्टरांकडे जाताना घरातली झाडून सगळी औषधं पिशवीत घालून न्या. पित्ताची, चक्करेची, ‘ती काय, साधीच आहे’ म्हणून न सांगितलेलीसुद्धा. मानसिक आजाराची गोळी मात्र मनाने कधीही बंद करू नका, आजार उसळून येतो; बदल करायचा तो मानसोपचारतज्ज्ञांनीच.

आत्याची पित्ताची गोळी डॉक्टरांनी थांबवली. बहुतेकांना काही आठवडे ते महिन्यांत उतार पडतो. काहींचा ताठरपणा जात नाही, कारण आत खरा कंपवात दबा धरून असतो आणि गोळीने तो फक्त लवकर उघडा पाडलेला असतो. म्हणून तिला पुढेही तपासणीला बोलावलं आहे. चौथ्या महिन्यात गेलो तेव्हा ताम्हनात वातींचा ढीग होता. ‘मोज,’ म्हणाली.