वनस्पती वर्गीकरणतज्ज्ञ (नागपूर परिसर)

वनस्पती ओळखणे, त्यांची आपसांतील नाती ठरवणे आणि प्रत्येक जातीला नियमांनुसार एकच ग्राह्य नाव राहील हे पाहणे, हे काम करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ. नव्या जातीला नाव देणे हा या व्यवसायाचा सर्वांत गाजणारा, पण सर्वांत लहान भाग आहे. बहुतेक आयुष्य जाते ते आधीच नाव मिळालेल्या वनस्पती बिनचूक ओळखण्यात. नागपूरकडे हे काम अजून भरपूर शिल्लक आहे.

त्याचे एक कारण इतिहासात आहे. पश्चिम महाराष्ट्रातील अभ्यासकाच्या हाताशी थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश (१९०१–१९०८) असतो. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होते, त्यामुळे त्या ग्रंथाच्या कक्षेत ते आलेच नाही. हूकर यांच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिकोशाच्या सात खंडांवर (१८७२–१८९७) बरीच वर्षे भागवावे लागले. ना. रा. उगेमुगे यांचा नागपूर जिल्ह्याचा वनस्पतिकोश १९८६ मध्ये निघाला. राज्याचे खंड भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९९६ ते २००१ या काळात काढले. जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या वाचताना आणखी एक सावधगिरी लागते : ‘छोटा नागपूर’ म्हणजे झारखंडचे पठार, विदर्भ नव्हे.

दुसरे कारण जमिनीत आहे. दख्खनचा काळा बेसाल्ट याच भागात संपतो, पूर्वेला पट्टिताश्म (नाइस) हा पट्टेदार खडक सुरू होतो आणि कामठीकडे वालुकाश्म लागतो. खडक बदलला की माती बदलते, आणि मातीबरोबर झाडोराही. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह ही नावे जंगलात फिरणाऱ्या कोणालाही ठाऊक असतात. खरी परीक्षा गवते, लव्हाळे आणि पावसाळ्यात उगवून दिवाळीपर्यंत वाळून जाणाऱ्या बारीक रोपांची असते. म्हणून पहिल्या पावसापासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ संग्राहकाला दवडता येत नाही.

रामटेक, पेंच किंवा उमरेडच्या रानातून आणलेली फांदी फूल-फळांसह वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबतात आणि कागद रोज बदलतात. दमट हवेत यात हयगय झाली की बुरशी धरते. वाळलेला नमुना साधारण ४२ × २८ सेंमी.च्या जाड कागदावर शिवतात किंवा चिकटवतात. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, क्रमांक, अधिवास, स्थानिक नाव आणि वाळल्यावर उडून जाणारा फुलाचा रंग लिहायचा असतो. गोंडी किंवा वऱ्हाडी नाव सांगणाऱ्या गावकऱ्याचे म्हणणे जसेच्या तसे टिपावे. तेही नमुन्याइतकेच मोलाचे. अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. शंभर वर्षांनी कोणी शंका घेतली, तर उत्तर याच कागदावर शोधावे लागते.

ओळख चुकण्याचे ठळक उदाहरण भुईआवळ्याचे. भारतीय ग्रंथांत तो दीर्घकाळ ‘फायलँथस निरुरी’ या एकाच नावाने येत राहिला. ती जाती मुळात अमेरिकेची. आपल्याकडे त्या नावाखाली निदान तीन वेगळ्या जाती मिसळल्या होत्या. दहापट भिंगाखाली मादी फुलाची परिदले (पाकळ्यांसारखी बाहेरची दले) मोजली, की पाच असल्यास ‘अमारस’ आणि सहा असल्यास ‘फ्रॅटर्नस’ किंवा ‘डेबिलिस’. पुढचा निवाडा इतर लक्षणांवरून होतो. औषधासाठी हीच रोपे गोळा होतात, तेव्हा हा फरक पुस्तकी राहत नाही.

नावांचे नियम आंतरराष्ट्रीय आहेत आणि त्यांचा आरंभबिंदू स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसचा १७५३ चा ग्रंथ. नवे नाव तेव्हाच वैध ठरते, जेव्हा ते भेद सांगणाऱ्या वर्णनासह प्रसिद्ध होते आणि प्रारूप नमुना (ज्याला ते नाव कायमचे जोडलेले असते तो) कोणत्या संग्रहात आहे ते नमूद केलेले असते. हे वर्णन २०११ अखेरपर्यंत लॅटिनमध्येच द्यावे लागे. आता इंग्रजीही चालते. नियम कधी दुखावणाराही ठरतो. विदर्भातल्या बांधाबांधावरची बाभूळ ‘अकॅशिया’ या प्रजातीचे (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे) मूळ प्रारूप होती. प्रजाती विभागायची वेळ आली, तेव्हा सुमारे हजार ऑस्ट्रेलियन जातींची नावे बदलू नयेत म्हणून २००५ च्या व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत प्रारूपाचा मान एका ऑस्ट्रेलियन जातीला दिला गेला आणि ‘अकॅशिया’ हे नाव तिकडे गेले. २०११ मध्ये मेलबर्नला तेच कायम झाले. बाभूळ आता ‘व्हॅचेलिया निलोटिका’ आणि खैर ‘सेनेगालिया कॅटेचू’. सोय समजते, तरी भारत आणि आफ्रिकेच्या अभ्यासकांनी केलेला विरोध रास्त होता.

संत्र्याच्या बागेत मात्र दुसरी संहिता लागू होते. लागवडीतील वाणांची नावे त्यांच्या स्वतंत्र नियमावलीनुसार ठरतात.

या वाटेला लागायचे तर वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., नेट आणि पीएच.डी. हा नेहमीचा क्रम. नागपूर विद्यापीठाचा पदव्युत्तर विभाग आणि १९०६ पासूनची विज्ञान संस्था ही शहरातील जुनी शिक्षणकेंद्रे. पुढे प्राध्यापकी, भारतीय वनस्पती सर्वेक्षणातील पदे (पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे) किंवा खाणी-धरणांच्या पर्यावरणीय आघात अहवालांसाठी वनस्पतियाद्या करण्याचे काम मिळते. शेवटच्या कामात मुदत अपुरी असते. उन्हाळ्यात केलेल्या यादीत पावसाळी वनस्पती नसतातच, आणि जबाबदार तज्ज्ञाने अशा यादीवर सही करू नये. रेणवीय तंत्रांकडे ओढा वाढल्याने रानात रोप ओळखणारे कमी होत आहेत. डीएनए तपासायलाही आधी अचूक ओळखलेला नमुना लागतो.

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार नवी जाती सापडल्यास अधिकृत संग्रहालयाला कळवून नमुना तेथे जमा करणे बंधनकारक आहे. राज्याच्या जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे, आणि गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांतील स्थानिक नावांना शास्त्रीय नाव जोडताना वर्गीकरणतज्ज्ञच लागतो.