बफर ओव्हरफ्लोचे इशारे : लिनक्स कर्नलचा नेटवर्किंग विभाग

लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मुख्यतः सी भाषेत लिहिलेला आहे, आणि राखून ठेवलेल्या जागेपलीकडे मेमरीत लिहिले जात असेल (यालाच बफर ओव्हरफ्लो म्हणतात) तर ही भाषा स्वतःहून अडवत नाही. असा धोका कोड कंपाइल होतानाच हेरून कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) जे इशारे देतो, त्यांची छाननी करून कोड सुधारणे हे कर्नलच्या देखभालीचे नित्याचे काम आहे. नेटवर्किंगमध्ये त्याला विशेष महत्त्व आहे, कारण तेथे हाताळली जाणारी पॅकेट्स, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे, परक्या यंत्राकडूनही येतात.

इशारा आला म्हणजे चूक असतेच असे नाही. इथरनेट या नेटवर्क पद्धतीत पॅकेटच्या सुरुवातीला येणाऱ्या हेडरमध्ये 6 बाइटचा गंतव्य पत्ता, लगेच 6 बाइटचा प्रेषकाचा पत्ता आणि 2 बाइटचा प्रकार असतो. व्हीलॅनचा (एकाच नेटवर्कचे आभासी विभाग पाडण्याच्या सोयीचा) टॅग घालताना दोन्ही पत्ते एकदम हलवण्यासाठी पहिल्या पत्त्यापासून 12 बाइट लिहिण्याची जुनी रीत होती. मेमरीला त्यात काहीच इजा नव्हती. परंतु 6 बाइटच्या फील्डमध्ये (माहितीच्या ठरावीक जागेत) 12 बाइट लिहिण्यामागे हेतू आहे की हलगर्जी, हे कंपायलरला कळण्याचा मार्ग नव्हता. कर्नलच्या 5.16 आवृत्तीत आलेल्या ‘स्ट्रक्ट ग्रुप’ या मॅक्रोने (कंपाइल होताना पूर्ण कोडमध्ये उलगडणाऱ्या संक्षेपाने) तो मार्ग दिला : लगतच्या फील्डना एक सामाईक नाव मिळते, मेमरीतील मांडणी तीच राहते आणि फील्डची जुनी नावेही चालतात. पॅकेटचा तपशील वाहणाऱ्या ‘एसके-बफ’ या स्ट्रक्चरमध्येही (फील्डच्या संचातही) फील्डच्या गटाची सुरुवात व शेवट दाखवणाऱ्या रिकाम्या खुणांच्या जागी हाच मॅक्रो आला.

नावांच्या बाबतीत अडचण वेगळी असते. नेटवर्क इंटरफेसच्या नावाला शेवटच्या शून्य बाइटसह 16 बाइटच मिळतात, आणि वापरकर्त्यांचे प्रोग्रॅम या आकारावर विसंबून असल्याने तो सहजी वाढवता येत नाही. ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) त्या नावाला पॅकेटच्या रांगेचा क्रमांक जोडून इंटरप्टचे, म्हणजे उपकरणाकडून प्रोसेसरला येणाऱ्या संकेताचे, नाव तयार करतो, तेव्हा रांगा मोजक्या असल्या तरी 32 बिटच्या पूर्णांकाला उणे चिन्हासह 11 अक्षरे लागू शकतात, हे धरून कंपायलर हिशेब करतो. येथे लांबीची मर्यादा पाळणारे फंक्शन वापरले असेल तर ओव्हरफ्लो होत नाही, नाव मात्र तुटते. म्हणून बफर पुरेसा मोठा करणे किंवा क्रमांकाची कमाल मर्यादा कोडमध्येच स्पष्ट करणे हा उपाय ठरतो.

स्ट्रक्चरच्या शेवटी एक किंवा शून्य घटकांचा अ‍ॅरे (एकाच प्रकारच्या घटकांची ओळ) लिहून प्रत्यक्षात हवा तेवढा डेटा ठेवण्याची सवयही जुनीच. त्यातून कंपायलरची दिशाभूल होते, म्हणून तेथे आकार न लिहिलेला, सी भाषेच्या 1999 च्या मानकात मान्य झालेला अ‍ॅरे वापरला जातो.

पॉइंटरचा (मेमरीतील जागेचा पत्ता धरणाऱ्या चलाचा) प्रकार बदलून इशारा गप्प करणे सोपे असते, पण त्याने तपासणीच आंधळी होते. कंपायलरही अर्थात निर्दोष नाही : जीसीसी या कंपायलरच्या 12 व्या आवृत्तीकडून अ‍ॅरेच्या सीमांविषयी खोटे इशारे इतके येऊ लागले की 2022 साली त्या आवृत्तीपुरता तो इशारा कर्नलमध्ये बंद करावा लागला.