फोनच्या पोटातला मोडेम

३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये व्होडाफोनच्या नेटवर्कवरून जगातला पहिला एसएमएस गेला. मजकूर होता 'मेरी ख्रिसमस'. पाठवणारा नील पॅपवर्थ हा तरुण अभियंता, घेणारे व्होडाफोनचे रिचर्ड जार्विस. ही गोष्ट अनेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असते, पण तिच्यातला एक तपशील सहसा सुटतो. पॅपवर्थने तो मेसेज संगणकाच्या कीबोर्डवर टाइप केला होता. जार्विस यांच्याकडच्या ऑर्बिटेल ९०१ या फोनवर मेसेज वाचता यायचा, लिहायची सोय त्यात नव्हतीच. थोडक्यात, एसएमएसची सुरुवात संगणकावरून झाली. फोनची बटणं बडवून मेसेज लिहिणं नंतर आलं.

पॅपवर्थचा संगणक थेट मोबाइल कंपनीच्या यंत्रणेला जोडलेला होता. तुमच्या-आमच्या संगणकाला ती वाट मोकळी नसते. त्याच्यात सहसा सिम नसतं आणि टॉवरशी बोलणारा रेडिओही नसतो. या दोन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत त्याला मध्यस्थ करणं हाच सरळ उपाय, आणि तो मध्यस्थ म्हणजे खिशातला फोन. केबलने, ब्लूटूथने किंवा वाय-फायवरून, कसाही जोडा; मेसेज शेवटी फोनच पाठवतो. संगणक फक्त त्याला तसं सांगतो. तो हे कसं सांगतो, हा या सगळ्यातला सगळ्यात गमतीचा भाग आहे.

प्रत्येक मोबाइलमध्ये नेटवर्कशी बोलण्याचं काम बघणारा एक वेगळा भाग असतो, त्याला बेसबँड म्हणतात. स्मार्टफोनमध्ये तर तो जवळजवळ स्वतंत्र संगणकच असतो. अ‍ॅप, फोटो, खेळ यांच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. कामाच्या दृष्टीने तो एक मोडेम आहे, म्हणजे संगणकाची माहिती तारेतून किंवा रेडिओवरून जाईल अशा रूपात बदलणारं यंत्र, आणि मोडेमशी बोलायची भाषा मोबाइलच्या आधीची आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत डेनिस हेस यांच्या कंपनीने स्मार्टमोडेम नावाचा टेलिफोन मोडेम बाजारात आणला. संगणकाने त्याला साध्या अक्षरांत आज्ञा द्यायची आणि त्याने साध्या अक्षरांत उत्तर द्यायचं, अशी त्याची रीत होती. आज्ञेच्या सुरुवातीला 'एटी' ही दोन अक्षरं यायची, म्हणजे 'अटेन्शन', इकडे लक्ष दे. पुढे जीएसएम या दुसऱ्या पिढीच्या (२जी) मोबाइल यंत्रणेची मानकं ठरवताना याच भाषेत एसएमएससाठी नव्या आज्ञा घालण्यात आल्या. तार आणि डायल टोनच्या काळातली ती भाषा बिनतारी जगात अशी घुसली आणि तिथेच राहिली.

हा संवाद प्रत्यक्ष कसा चालतो ते पाहू. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत द्याव्या लागतात, इथे त्यांचा उच्चार लिहितो. मोडेम संगणकाला जोडला की संगणकाला एक सिरियल पोर्ट, म्हणजे अक्षरं एकामागून एक पाठवायची वाट, दिसतो. टर्मिनल प्रोग्राममध्ये, म्हणजे टाइप केलेलं पोर्टकडे धाडणाऱ्या आणि आलेलं उत्तर दाखवणाऱ्या साध्या प्रोग्राममध्ये, तो पोर्ट उघडून 'एटी' टाइप करून एंटर दाबायचं. पलीकडून 'ओके' आलं तर मोडेम जागा आहे. मग 'एटी+सीएमजीएफ=१', म्हणजे आता साध्या मजकुराच्या पद्धतीने बोलू. पुन्हा 'ओके'. मग 'एटी+सीएमजीएस=' आणि त्यापुढे अवतरणचिन्हांत ज्याला पाठवायचं त्याचा नंबर. या वेळी 'ओके' येत नाही. पडद्यावर '>' एवढंच एक चिन्ह येऊन थांबतं. आता मजकूर लिहायचा. मजकूर संपला हे सांगायला एंटर चालत नाही, कारण एंटर मजकुराचाच भाग असू शकतो. त्यासाठी कंट्रोल आणि झेड एकत्र दाबायचं. बेत बदलला तर एस्केप दाबलं की सुटका.

आपला प्रोग्राम लिहिणारे बरेचजण त्या '>' पाशीच अडखळतात. ते चिन्ह यायच्या आतच प्रोग्राम मजकूर ढकलून देतो आणि मोडेम गोंधळतो. माणूस हाताने टाइप करतो तेव्हा ही अडचण येत नाही, कारण माणूस मुळातच हळू असतो.

कंट्रोल-झेडनंतर काही सेकंद शांतता. तेवढ्यात बरंच काही घडतं. फोन टॉवरकडे एक छोटी वाहिनी मागतो. ही वाहिनी बोलण्याची नसते. कॉल जोडणं, फोन कुठल्या भागात आहे याची नोंद ठेवणं असल्या निरोपांसाठी ती राखलेली असते. एसएमएस याच निरोपांच्या वाटेने जातो, म्हणून तुम्ही कॉलवर बोलत असतानाही मेसेज आत-बाहेर होऊ शकतो. नेटवर्क सिमची ओळख पटवतं, मेसेज उचलतं आणि कंपनीच्या एसएमएस केंद्राकडे देतं. या केंद्राचा नंबर सिमवर नोंदलेला असतो. तो चुकीचा असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही मेसेज जात नाही. केंद्राने मेसेज घेतला की उलटा निरोप येतो आणि संगणकाच्या पडद्यावर उमटतं: '+सीएमजीएस: ४७', आणि खाली 'ओके'. ४७ हा त्या मेसेजचा क्रमांक.

या 'ओके'चा अर्थ नीट लावायला हवा. मेसेज समोरच्याला मिळाला, असं तो म्हणत नाही. केंद्राने तो ताब्यात घेतला, एवढंच. रजिस्टर टपालाच्या खिडकीवर मिळालेली पावती आणि घेणाऱ्याच्या सहीची पोच यांत जो फरक, तोच इथे. मेसेज ताब्यात घेतल्यावर केंद्र नेटवर्कच्या नोंदवहीला विचारतं, हा ग्राहक सध्या कुठल्या भागात आहे? फोन चालू असेल तर मेसेज पुढे जातो. बंद असेल तर केंद्र तो धरून ठेवतं आणि नोंदवहीत खूण करून ठेवली जाते. फोन पुन्हा सुरू झाला की ती नोंदवहीच केंद्राला कळवते, आता पाठवा. किती काळ वाट पाहायची याची मुदत मेसेजसोबतच सांगता येते. ती उलटली की मेसेज टाकून दिला जातो.

पोचपावती हवी असेल तर पाठवतानाच मागावी लागते. ती आली की तिच्यावर तोच ४७ क्रमांक असतो. पण हा क्रमांक एका बाइटचा आहे, म्हणजे ० ते २५५, पुढे पुन्हा शून्यापासून. दिवसभर मेसेज पाठवणाऱ्या प्रोग्रामने फक्त क्रमांकावर विसंबून राहिलं तर सकाळची पोच दुपारच्या मेसेजला चिकटायची. म्हणून क्रमांकाबरोबर घेणाऱ्याचा नंबर आणि वेळही ताडून पाहतात.

आता मजकुराकडे. एका एसएमएसमध्ये मजकुरासाठी १४० बाइट जागा असते, म्हणजे ११२० बिट. निरोपांच्या वाहिनीत बसेल एवढंच हे माप आहे. जीएसएमच्या मूळ अक्षरमालेत एक अक्षर ७ बिटांत बसतं, म्हणून १६० अक्षरं. एवढ्यात माणसाचं भागेल का, हे पाहण्यासाठी जर्मनीचे फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी १९८५ च्या सुमारास पोस्टकार्डं आणि टेलेक्सचे (तारेवरून टाइप होऊन जाणारे) संदेश तपासले होते. बहुतेक मजकूर तेवढ्यात बसत होता.

ही अक्षरमाला संगणकाच्या नेहमीच्या अक्षरमालेपेक्षा वेगळी आहे आणि तिच्यात खड्डे आहेत. ईमेलच्या पत्त्यातलं '@' घ्या. जीएसएममध्ये त्याचा क्रमांक शून्य. संगणकाच्या सी भाषेत शून्य म्हणजे मजकूर संपला. त्यामुळे हलगर्जीपणे लिहिलेल्या प्रोग्राममध्ये ईमेलचा पत्ता '@' पाशी तुटतो आणि त्यापुढचा मेसेज गायब होतो. महिरपी आणि चौकोनी कंस तर एकेका अक्षराऐवजी दोन-दोन अक्षरांची जागा खातात.

देवनागरीचं गणित आणखी वेगळं. मूळ मालेत आपली अक्षरं नाहीत, म्हणून मेसेज युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या बहुतेक लिप्यांच्या सामायिक अक्षरमालेत, पाठवला जातो. त्यात प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात. 'क' चा क्रमांक ०९१५, आणि मोडेमला तो असाच चार अंकांत द्यावा लागतो. ११२० भागिले १६ म्हणजे ७०. पण ही सत्तर 'अक्षरं' नव्हेत, चिन्हं. 'क्षत्रिय' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरी दिसतो; युनिकोडच्या हिशेबात क, हलन्त, ष, त, हलन्त, र, ऱ्हस्व इकार आणि य अशी आठ चिन्हं होतात. जोडाक्षरं आणि मात्रा भरपूर असलेलं मराठी वाक्य सत्तरच्या पार कधी गेलं ते कळतही नाही.

सगळा मेसेज इंग्रजीत असला तरी त्यात मूळ मालेबाहेरचं एक चिन्ह शिरलं की पूर्ण मेसेज युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा १६० वरून ७० वर येते. संगणकावरून पाठवताना हे फार सहज घडतं. वर्ड प्रोसेसर सरळ अवतरणचिन्हांची आपोआप वळणदार चिन्हं करतो, तोच मजकूर कॉपी करून मेसेजमध्ये टाकला जातो, आणि एका मेसेजचे तीन होतात. 

लांब मेसेजचे तुकडे करताना प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर ६ बाइटची चिठ्ठी लागते: हे तुकडे कोणत्या मेसेजचे, एकूण किती, हा कितवा. मजकुराला १३४ बाइट उरतात, म्हणजे इंग्रजीची १५३ अक्षरं किंवा देवनागरीची ६७ चिन्हं. ७१ चिन्हांचा मराठी मेसेज म्हणून दोन मेसेज मोजला जातो. तुकडे वेगवेगळे प्रवास करतात, मागेपुढेही पोचतात. चिठ्ठी पाहून घेणाऱ्याचा फोन ते जुळवतो.

आणखी एक गोष्ट. मोडेम नेटवर्ककडे जो मेसेज सोपवतो त्यात घेणाऱ्याच्या नंबरासाठी जागा असते, पाठवणाऱ्याच्या नंबरासाठी नसतेच. तो नेटवर्क सिमवरून स्वतः भरतं. फोनमार्फत पाठवलेला मेसेज त्यामुळे त्याच फोनच्या नंबरावरून जातो आणि त्याच सिमच्या हिशेबात मोजला जातो. नंबराऐवजी संस्थांची नावं झळकणारे मेसेज या वाटेने येत नाहीत. त्या संस्थांचे संगणक मध्यस्थांमार्फत थेट एसएमएस केंद्राशी जोडलेले असतात.

केबलचा जमाना आता सरला असं वाटेल. जुन्या फोनसोबत संगणकावर चालणारे प्रोग्राम मिळत, आणि लिनक्सवाल्यांसाठी ग्नोकी, गॅमू यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर होती. अँड्रॉइड आणि आयफोन आल्यावर पद्धत बदलली. आज संगणक बेसबँडशी थेट बोलत नाही, फोनवरच्या अ‍ॅपशी बोलतो. गूगल मेसेजेसची वेब आवृत्ती २०१८ मध्ये आली: ब्राउझरमधला क्यूआर कोड फोनने स्कॅन करायचा, की फोनमधली संभाषणं संगणकावर दिसू लागतात. अ‍ॅपल २०१४ पासून आयफोनचे मेसेज मॅकवर देतं, विंडोजमध्ये फोन लिंक आहे. कीबोर्डवर टाइप केलेला मजकूर फोनकडे येतो, अ‍ॅप ऑपरेटिंग सिस्टिमला 'हा पाठव' म्हणतं, आणि पुढचं काम पुन्हा बेसबँडकडेच. म्हणूनच फोन बंद पडला की संगणकावरची खिडकी कितीही छान दिसत असली तरी मेसेज जागचा हलत नाही.

एटी आज्ञा मात्र स्मार्टफोनमधून गेलेल्या नाहीत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ११ कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनची दोन हजारांहून अधिक सॉफ्टवेअर आवृत्त्या चाळल्या आणि त्यांत साडेतीन हजार एटी आज्ञा सापडल्या. काही फोनमध्ये यूएसबीमार्फत त्या चालतही होत्या, लॉक पडदा ओलांडण्यापर्यंत.

सोयीची किंमत एके ठिकाणी नक्कीच मोजावी लागते. पासवर्ड संगणकावर आणि ओटीपी फोनवर, असा दुहेरी पहारा आपण धरून चालतो. मेसेज संगणकावर उघडे दिसू लागले की दोन्ही किल्ल्या एकाच पडद्यावर येतात. दुसऱ्यांनीही वापरायच्या संगणकावर ही जोडणी चालू सोडू नये. फोनमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते, तिथून ती तोडता येते.

माणसांपेक्षा यंत्रांना मात्र ही वाट अजून जास्त उपयोगी पडते. सर्व्हरच्या खोलीत इंटरनेट बंद पडलं तर 'इंटरनेट बंद पडलं' हा ईमेल कुठून जाणार? म्हणून अशा ठिकाणी सिम घातलेला एक छोटा मोडेम यूएसबीला लावून ठेवतात. तापमान वाढलं, वीज गेली, पंप थांबला की संगणक त्याला एटी आज्ञा देतो आणि जबाबदार माणसाच्या फोनवर मेसेज येतो. प्रत्येक मेसेजला काही सेकंद लागतात, हजारोंना कळवायला हे साधन नव्हे. पण दोन-चार माणसांना उठवायला पुरेसं आहे. इथे काळजी घ्यावी लागते ती वेगळीच. महिनोन्‌महिने न वापरलेलं सिम कंपनी बंद करू शकते, म्हणून ठरावीक दिवसांनी एखादा चाचणी मेसेज पाठवत राहावं लागतं. आणि काही देशांत २जी नेटवर्कच बंद झाली आहेत. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्राने ते डिसेंबर २०१६ मध्ये बंद केलं. त्या नेटवर्कवरचे फक्त २जीवर चालणारे जुने मोडेम एका दिवसात निकामी झाले. बदलून ४जीचे बसवले, तरी संगणकावरचा प्रोग्राम सहसा फारसा बदलावा लागत नाही. नवा मोडेमही 'एटी' म्हटलं की 'ओके' म्हणतो.