पर्यटक मार्गदर्शक परवाना (भारत)

मोबदला घेऊन पर्यटकांना एखादे स्थळ दाखवण्याची अधिकृत परवानगी. बोलीभाषेत ‘गाईडचं लायसन्स’. पर्यटनाची पदवी किंवा पदविका म्हणजे परवाना नव्हे. परवाना ठरावीक जागेला आणि ठरावीक मुदतीला बांधलेला असतो.

केंद्र-संरक्षित वास्तूंसाठी १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखालील १९५९ ची नियमावली लागू होते. तिच्या आठव्या नियमानुसार पुरातत्त्व अधिकाऱ्याच्या परवान्याशिवाय पैसे घेऊन पर्यटक फिरवता येत नाहीत. माल विकणे आणि गिऱ्हाईक गोळा करणे यांवरचे निर्बंधही त्याच वाक्यात आहेत. म्हणजे गाईड आणि माळा विकणारा नियमात शेजारीशेजारी बसले आहेत. व्याघ्रप्रकल्पांत हा परवाना उपयोगाचा नाही. ताडोबात सफारीच्या जिप्सीत वनखात्याकडे नोंद असलेला गाईड लागतो आणि तो बहुधा जवळपासच्या गावचा असतो.

अर्जासोबत शिक्षण, ओळख व रहिवासाचे पुरावे आणि पोलीस पडताळणी लागते. परकीय भाषेची चाचणी वेगळी. अजिंठ्याला जपानी पाहुणे येतात. त्यांच्यापुढे नुसते संभाषण पुरत नाही, चैत्य (प्रार्थनागृह), विहार (भिक्खूंचे निवासस्थान), जातक (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा) हे शब्द त्या भाषेत उलगडावे लागतात.

खरा कस प्रत्यक्ष स्थळावर लागतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात उजेड मंद आणि फ्लॅशला बंदी. म्हणून कथा बाहेरच सांगून घ्यायची, आत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत थांबायचे आणि मग थोडेच बोलायचे. गाभाऱ्याकडे तोंड केले की डावीकडे पद्मपाणी, उजवीकडे वज्रपाणी, ही दोन बोधिसत्त्वांची भित्तिचित्रे. गटाकडे तोंड करून उभ्या असलेल्या नवशिक्याची जीभ नेमकी इथे घसरते, कारण डावे-उजवे नेहमी पाहणाऱ्याचे सांगायचे असते. बसमध्येही तेच, शिवाय वास्तू दिसायच्या आधी वाक्य सुरू व्हायला हवे. नाहीतर माहिती येईतो खिडकीतून ती निघून गेलेली असते.

आशयातली नेहमीची चूक म्हणजे ‘ही लेणी भिक्खूंनी कोरली’ असे ठोकून देणे. सोळाव्या लेण्यातला शिलालेख दान देणाऱ्याचे नाव सांगतो: वाकाटक राजा हरिषेणाचा अमात्य वराहदेव. कारागिरांचा आणि दात्यांचा हा भाग गाळला, तर लेणी आपोआप उगवल्यासारखी वाटतात.

दुसरी चूक नियोजनाची. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. दोन्हींचा दौरा सोमवार-मंगळवारी आखायचाच, तर आधी वेरूळ.

गाईडचे शुल्क गटातील माणसांवर आणि वेळेवर ठरते. अर्धा दिवस म्हणजे साधारण चार तास, पूर्ण दिवस आठ. परकीय भाषेचा भत्ता निराळा. वाद बहुधा या आकड्यांवरून होत नाहीत, दुकानदाराकडून मिळणाऱ्या कमिशनवरून होतात: कोरीवकामापुढे दहा मिनिटे आणि शोरूममध्ये तासभर गेला की गटाच्या लक्षात येते. ओळखपत्र गळ्यात दिसेल असे असावे आणि नूतनीकरणाची तारीख हंगामापूर्वी पाहावी. पडताळणीला वेळ लागतो आणि मुदत संपलेल्या कार्डावर प्रवेशद्वारातच अडवले जाते.