वेळूच्या कांड्यातला हिरवा बेडूक : पार्श्वभूमी

राओर्केस्टिस चालाझोडिस हा दक्षिण पश्चिम घाटातला झुडपी बेडूक जेमतेम इंचभराचा. अंग झगझगीत हिरवं, मांड्या राखाडी-निळ्या, काळ्या बाहुलीभोवती सोनेरी ठिपके. एवढा देखणा जीव, पण तो राहतो कुठे आणि त्याची वीण कशी होते, हे कळायला त्याचं बारसं झाल्यावर जवळपास एकशे चाळीस वर्षं जावी लागली.

बारसं झालं लंडनमध्ये. ब्रिटिश म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ आल्बर्ट गुंथर हिंदुस्थानातून येणारे सरपटणारे प्राणी आणि बेडूक तपासत असत. त्रावणकोरहून आलेला हा बेडूक त्यांनी १८७६ मध्ये इक्झालस चालाझोडिस या नावाने नोंदवला. पण बरणीत जपलेल्या बेडकाचा रंग उडून जातो, आणि त्याचा आवाज, अंडी, घर यांतलं काहीच बरणीतून कळत नाही. पुढे नावातला इक्झालस बदलून फिलाउटस झाला, तरी जंगलातला बेडूक मात्र कुणाला दिसेना.

२०१० मध्ये बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी अशा झुडपी बेडकांसाठी राओर्केस्टिस ही वेगळी प्रजाती मांडली. या कामात पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे योगेश शौचे होते. आंबोलीच्या पावसाळी रात्री ओरडणारा बॉम्बेएन्सिस हा बेडूकही याच प्रजातीतला. नावातले ‘राव’ म्हणजे बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातले सी. आर. नारायण राव. त्यांनी १९३७ मध्ये घाटातल्या कितीतरी नव्या बेडकांची वर्णनं छापली, पण त्यांचे मूळ नमुने पुढे गहाळ झाले. ही हानी कधीच भरून निघणारी नाही. २०१० मध्येच बिजूंनी हरवलेल्या उभयचरांची देशव्यापी शोधमोहीम सुरू केली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये चालाझोडिस १३६ वर्षांनी पुन्हा सापडल्याची घोषणा झाली. दिवसा तो बहुधा वेळूच्या आत लपत असावा, हा अंदाजही तेव्हाच पुढे आला.

अंदाज खरा निघाला. तमिळनाडूतल्या कळक्काड-मुंडंतुरै व्याघ्र प्रकल्पाच्या वर्षावनात संशोधक के. एस. शेषाद्रि यांनी या बेडकाचा पाठपुरावा केला आणि के. व्ही. गुरुराज व डेव्हिड बिकफर्ड यांच्यासह २०१५ मध्ये निष्कर्ष छापले. ओक्लँड्रा प्रजातीच्या वेळूच्या कांड्याला चिंचोळी फट पडलेली असते. तीतून अंग आकसून नर आत शिरतो आणि आतूनच मादीला साद घालतो. आतल्या भिंतीला मोजकीच अंडी चिकटवलेली असतात. त्यांत बेडूकमाशाची अवस्था मुळी नसतेच, अंड्यातून थेट चिमुकला बेडूक बाहेर येतो. मादी निघून जाते, अंड्यांपाशी थांबतो तो नर.

का थांबतो, याचं उत्तर शेषाद्रि आणि बिकफर्ड यांच्या पुढच्या प्रयोगांनी दिलं, आणि मला तरी हा या इतिहासातला सगळ्यांत थरारक भाग वाटतो. राखणदार नर हलवला तेव्हा अंडी मोठ्या प्रमाणावर गेली, आणि त्यांतली बरीच त्याच जातीच्या दुसऱ्या नरांनी खाल्ली. बाप पहारा देतो तो आपल्याच भाऊबंदांवर.

२००७ मध्ये केरळातल्या कक्कयमहून नोंदवलेला राओर्केस्टिस ओक्लँड्रेही असाच वेळूत वीण घालतो. हाच वेळू केरळात चटया-टोपल्यांसाठी आणि कागदाच्या लगद्यासाठी तोडला जातो. ऐन विणीच्या काळात फट पडलेलं कांडं तोडलं, तर आतली अंडी आणि त्यांचा राखणदार दोन्ही त्याच्याबरोबर जातात.