चर्चागट सर्व्हर : संस्थांतर्गत प्रशासन

विषयवार गटांत सभासदांनी पाठवलेले लेख साठवणारा, वाचकांना ते पुरवणारा आणि इतर सर्व्हरांशी त्यांची देवघेव करणारा संगणक म्हणजे चर्चागट सर्व्हर. गट उघडणे व बंद करणे, वाचण्या-लिहिण्याचे अधिकार ठरवणे, लेख ठेवण्याची मुदत आखणे आणि शेजारच्या (म्हणजे लेखांची थेट देवघेव करणाऱ्या) सर्व्हरांशी संबंध राखणे ही त्याच्या प्रशासकाची मुख्य कामे होत.

या व्यवस्थेचा उगम कोठे धरावा याबद्दल एकमत नाही. अमेरिकेच्या आणीबाणी सज्जता कार्यालयासाठी मरी टुरॉफ यांनी १९७१ मध्ये उभारलेल्या ‘एमिसारी’ प्रणालीला काही अभ्यासक अग्रमान देतात. काही जण इलिनॉय विद्यापीठातील ‘प्लेटो’ संगणकावरच्या ‘नोट्स’ला (१९७३). मात्र या दोन्हींत सर्व मजकूर मध्यवर्ती यंत्रणेवरच राही. प्रत्येक संस्थेने आपला संगणक स्वतः चालवावा आणि लेखांची प्रत शेजाऱ्याला द्यावी, ही रचना यूझनेट या अनेक संस्थांच्या संगणकांनी मिळून बनलेल्या चर्चाजाळ्यात आली. प्रशासन या अंगाने पाहता तेथूनच आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. यूझनेटचा काळही दोन प्रकारे सांगितला जातो. ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांना ही कल्पना १९७९ च्या उत्तरार्धात सुचली, आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन यांनी तिची पहिली आज्ञावली शेल स्क्रिप्टच्या (संगणकाला द्यायच्या आज्ञांच्या यादीच्या) रूपात लिहिली. इतर संस्थांना सहभागाचे आवाहन झाले ते १९८० मध्ये. आरंभीची देवघेव टेलिफोन तारेवरून यूयूसीपी या युनिक्स संगणकांमधील फाइली पाठवण्याच्या पद्धतीने होई. फेब्रुवारी १९८६ मध्ये ब्रायन कँटर व फिल लॅप्सली यांचा एनएनटीपी हा चर्चालेखांच्या देवघेवीचा संकेत (नियमसंच) आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत क्रमांक ९७७ म्हणून प्रसिद्ध झाला (सुधारित रूप आरएफसी ३९७७, २००६). त्यासाठी ११९ हे पोर्ट (जोडणीचा क्रमांक), तर कूटबद्ध जोडणीसाठी ५६३ राखलेले आहे. सर्व्हरच्या आज्ञावलींत बी न्यूज, सी न्यूज आणि १९९१-९२ च्या सुमारास रिच साल्झ यांनी लिहिलेली आयएनएन या महत्त्वाच्या होत. पुढील तपशील आयएनएनला धरून आहे.

एकच लेख अनेक शेजाऱ्यांकडून येऊ शकतो. तो दुसऱ्यांदा घेतला जाऊ नये म्हणून प्रत्येक लेखाचा अनन्य ओळखक्रमांक ‘इतिहास’ फाइलमध्ये नोंदला जातो. लेखाची मुदत संपून तो पुसला गेला तरी ही नोंद काही दिवस राहिलीच पाहिजे; अन्यथा एखाद्या मागे पडलेल्या शेजाऱ्याकडून तोच लेख नवा म्हणून पुन्हा दाखल होतो. मूळ मांडणीत १० दिवसांहून जुने लेख नाकारले जातात आणि नोंद ११ दिवस ठेवली जाते. एक दिवस जादा, कारण घड्याळांतील फरक गृहीत धरून २४ तासांपर्यंत पुढची तारीख असलेला लेखही स्वीकारला जातो. पहिली मर्यादा वाढवून दुसरी विसरणे ही गंभीर चूक होय.

साठवणीची पद्धत निवडताना संस्थेच्या नोंदींचे भवितव्यच ठरते. चक्रीय साठ्यात जागा भरली की सर्वांत जुना लेख आपोआप पुसला जातो. लेखांचा ओघ मोठा असेल तर ही पद्धत सोयीची, पण तेथे टिकाऊपणा दिवसांवर नव्हे, आवकीवर अवलंबून राहतो. पारंपरिक पद्धतीत प्रत्येक लेखाची स्वतंत्र फाइल असते; ती मंद असली तरी गटवार मुदत नेमकी पाळता येते. ज्या अंतर्गत गटांत निर्णयांची कारणे लिहिली जातात, त्यांच्यासाठी हीच पद्धत श्रेयस्कर. दोन्ही पद्धती एकाच सर्व्हरवर गटांनुसार वापरता येतात.

अंतर्गत गटांना संस्थेच्या नावाचा उपसर्ग देण्याचा प्रघात आहे. ते बाहेर जाऊ नयेत म्हणून फीडच्या (शेजाऱ्यांना लेख पुरवण्याच्या) मांडणीत त्यांच्यापुढे उद्गारचिन्ह घातले जाते. तेवढ्याने काम भागत नाही. अंतर्गत आणि सार्वजनिक अशा दोन्ही गटांना एकदम पाठवलेला लेख सार्वजनिक गटाच्या आधारे बाहेर पडतोच. उद्गारचिन्हाऐवजी ‘@’ हे चिन्ह वापरल्यास अंतर्गत गटाचा उल्लेख असलेला कोणताही लेख त्या शेजाऱ्याला दिला जात नाही. गोपनीयतेच्या दृष्टीने हा फरक कळीचा आहे.

नियंत्रित गटात आलेला लेख आधी नियंत्रकाला ई-टपालाने जातो आणि मंजुरीचे शीर्षक (लेखाच्या माथ्यावरील तांत्रिक ओळ) लागल्यावर प्रसिद्ध होतो. हे शीर्षक कोणालाही लिहिता येत असल्याने ते लावण्याचा अधिकार वाचकांच्या परवान्यांत वेगळा द्यावा लागतो. गट उघडण्याचे वा मोडण्याचे नियंत्रण संदेशही बनावट असू शकतात. म्हणून पीजीपी या कूटलेखन पद्धतीची स्वाक्षरी तपासूनच ते अमलात आणतात. लेख रद्द करण्याच्या संदेशांबाबत धोरणे भिन्न आहेत. अनेक सर्व्हर ते दुर्लक्षितात. मूळ लेखकाची खूण पटवणारी ‘कॅन्सल-लॉक’ पद्धत २०१८ मध्ये आरएफसी ८३१५ द्वारे प्रमाणित झाली.

मायक्रोसॉफ्टने आपले चर्चागट २०१० मध्ये बंद करण्यास सुरुवात केली. ड्यूक विद्यापीठाचा सर्व्हरही त्याच वर्षी थांबला. गुगल ग्रुप्सने फेब्रुवारी २०२४ पासून यूझनेटमधील नवे लेख घेणे सोडले; जुने लेख तेथे शोधता येतात.