काडेपेटी, लायटर आणि चार वर्षांचे मूल

‘एकदा चटका बसू द्या, मग पुन्हा हात लावणार नाही,’ हा सल्ला लहान मुलांच्या आईवडिलांना इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो, की त्यामागे काही अनुभवाचे शहाणपण असावे असे वाटू लागते. काडेपेटीच्या बाबतीत मात्र हा सल्ला घातक आहे. जळती काडी बोटांना भाजू लागली, की मज्जारज्जूतून होणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेने हात झटकन मागे घेतला जातो. मेंदूला विचार करायला वेळ मिळण्याआधीच काडी सुटलेली असते. ती पडते अंथरुणावर, पडद्याच्या पायथ्याशी किंवा कपड्यांच्या ढिगात, कारण मुले हा खेळ मोठ्यांच्या नजरेआड, बहुधा झोपायच्या खोलीत किंवा कपाटाच्या आडोशाला खेळतात. ज्या चटक्याने मूल शिकेल असे आपण म्हणतो, तोच चटका आग लावून जातो.

चटकाही क्षुल्लक नसतो. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ साली तापमान आणि त्वचेची हानी यांचा संबंध मोजला, तेव्हा ६० अंश सेल्सिअसला प्रौढ माणसाची त्वचा गंभीर भाजायला सुमारे पाच सेकंद पुरतात असे दिसले. लहान मुलाची त्वचा पातळ असल्यामुळे तिला त्याहून कमी वेळ लागतो. भाजल्यावर टूथपेस्ट किंवा लोणी लावण्याने काहीही साधत नाही. उलट त्या थराखाली उष्णता अडकून राहते. वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरणे हाच खरा प्रथमोपचार आहे, आणि त्यानंतर डॉक्टर.

आगीसाठी इंधन, ऑक्सिजन आणि उष्णता लागते, हे आपण शाळेत शिकलो. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी घरात सगळीकडे आणि सदैव एकमेकींना चिकटून असतात. लाकूड, कापूस आणि कागद वर्षानुवर्षे ऑक्सिजनच्या संगतीत राहूनही आपोआप पेटत नाहीत, कारण ज्वलनाची अभिक्रिया सुरू होण्यासाठी आधी थोडी ऊर्जा बाहेरून द्यावी लागते. तिला सक्रियण ऊर्जा म्हणतात. अभिक्रियेच्या दारातला हा उंबरठा आहे आणि घर सुरक्षित राहते ते त्याच्या उंचीमुळे. गेल्या दोनशे वर्षांत आग पेटवण्याची साधने शोधणाऱ्यांनी हा उंबरठा सोयीसाठी सतत कमी केला. तो इतका कमी झाला, की आज चार वर्षांचे मूलही तो सहज ओलांडते.

ही उंची कशी कमी होत गेली ते पाहण्यासारखे आहे. जॉन वॉकर या इंग्लिश औषधविक्रेत्याने १८२७ साली घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या. त्यांच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड होते, आणि त्या खरकागदाच्या घडीतून जोराने ओढाव्या लागत. पुढे गुलात पांढरा फॉस्फरस आला. त्याच्या रेणूत चार अणू चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या, चार टोकांना बसलेले असतात आणि त्यांच्यातील बंधांना अवघ्या ६० अंशांच्या कोनात वाकून राहावे लागते. अशा ताणलेल्या बंधांमुळे हा पदार्थ अतिशय उतावीळ असतो. हवेत जेमतेम ३० अंशांच्या आसपास तो पेट घेऊ शकतो. त्या काड्या कोणत्याही खरबरीत पृष्ठभागावर, कधी नुसत्या खिशातही पेटत. शिवाय कारखान्यातील कामगारांची जबड्याची हाडे फॉस्फरसच्या वाफेने कुजत असत, आणि अखेर १९०६ साली बर्न येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने अशा काड्यांवर बंदी आणली.

यावरचा उपाय त्याआधीच स्वीडनमध्ये सापडला होता. गुस्ताफ एरिक पाश यांनी १८४४ साली फॉस्फरस काडीवरून काढून पेटीच्या बाजूच्या पट्टीवर नेला, आणि तोही पांढरा नव्हे, तर लाल. लाल फॉस्फरसमध्ये तेच अणू लांबच लांब साखळ्यांमध्ये गुंफलेले असतात, बंधांवरचा ताण बराच कमी झालेला असतो, आणि म्हणून तो सुमारे अडीचशे अंशांपर्यंत शांत राहतो. आपण काडी पट्टीवर घासतो तेव्हा पट्टीतील काचेच्या भुकटीमुळे घर्षण मोजक्या सूक्ष्म बिंदूंवर एकवटते. तेथे क्षणभर इतकी उष्णता निर्माण होते, की लाल फॉस्फरसच्या साखळ्या तुटून त्याचा किंचितसा अंश पांढऱ्या फॉस्फरसची वाफ होतो. ती वाफ हवेत लगेच पेटते. तिच्या उष्णतेने गुलातील पोटॅशियम क्लोरेटचे विघटन होऊन ऑक्सिजन बाहेर पडतो, म्हणजे ज्वलनाला आता हवेची वाट पाहण्याचीही गरज उरत नाही. त्या ऑक्सिजनमध्ये गुलातील गंधक जळते, त्याची आच काडीत मुरवलेल्या पॅराफिन मेणाला पोहोचते, मेणाची वाफ पेटते, आणि सर्वांत शेवटी लाकूड. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा उंबरठा ओलांडून देते. माणसाला ओलांडायचा असतो तो फक्त पहिला. हे सारे एका सेकंदाच्या आत घडते, आणि एवढीशी काडी पूर्ण जळेपर्यंत एक ते दीड किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते. रसायनशास्त्रातील इतकी सुबक साखळी क्वचितच कोणाच्या रोजच्या हाताळणीत असते.

पालकांच्या दृष्टीने यातील महत्त्वाचा मुद्दा असा, की या काडीची सारी सुरक्षितता दोन पदार्थ एकमेकांपासून दूर ठेवण्यावर उभी आहे, आणि ते दोन्ही पदार्थ आपण एकाच पेटीत विकत आणतो. काडी खिशात घासली जाऊन पेटणार नाही, एवढीच ती हमी आहे. मोठ्यांना काडी ओढताना शेकडो वेळा पाहिलेल्या मुलापुढे ही रचना निष्प्रभ ठरते.

लायटरने उरलेला अडसरही काढून टाकला. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ साली पेटंट घेतलेला लोह आणि सेरियम यांचा मिश्रधातू घासला, की त्याचे सूक्ष्म कण हवेत स्वतःच पेटतात. आत दाबाखाली द्रवरूपात ठेवलेला ब्यूटेन उणे अर्ध्या अंशालाच उकळत असल्याने, झडप उघडताच तो वायू होऊन बाहेर येतो. ब्यूटेन आणि हवा यांचे योग्य मिश्रण पेटायला एक मिलिज्यूलच्या सुमारे चौथ्या भागाएवढी ऊर्जा पुरते. एक ग्रॅम वजन अडीच सेंटिमीटर उचलायला लागते तेवढीच ही ऊर्जा आहे.

हा धोका ओळखून अमेरिकेत १९९४ साली लायटरमध्ये बालरोधक यंत्रणा सक्तीची झाली, आणि युरोपीय संघाने २००६ साली तसाच निर्णय घेताना खेळण्यासारखे दिसणारे लायटरही बाजारातून बाद केले. अमेरिकी चाचणीची पद्धत विचार करायला लावणारी आहे. ४२ ते ५१ महिने वयाच्या मुलांच्या जोडीला ज्योत न येणारा नकली लायटर पाच मिनिटे देतात, मग तो कसा चालवायचा हे दाखवतात आणि आणखी पाच मिनिटे देतात. शंभरपैकी किमान ८५ मुलांना तो चालवता आला नाही, तर लायटर उत्तीर्ण. या नियमाचा फायदा मोठा झाला. लहान मुलांनी लायटरशी खेळताना लागणाऱ्या आगी सुमारे ५८ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज पुढील अभ्यासात निघाला. तरीही शंभरातील पंधरा मुलांच्या हाती तो चालला तरी चाचणी यशस्वी मानली जाते, आणि पाच-सहा वर्षांची मुले तर या चाचणीत नसतातच, हे पालकांनी लक्षात ठेवले पाहिजे. ही यंत्रणा मुलाला थोडा वेळ थोपवते. तेवढ्या वेळात कोणीतरी तिथे पोहोचणार आहे, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

‘आमचे मूल समजूतदार आहे, त्याला सांगितले आहे,’ हे उत्तर प्रामाणिक असते, पण अपुरे असते. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांदर लुरिया यांनी लहान मुलांच्या हाती रबरी फुगा देऊन, एका रंगाचा दिवा लागला तर तो दाबायचा आणि दुसऱ्या रंगाचा लागला तर दाबायचा नाही, असा नियम घालून दिला होता. तीनेक वर्षांची मुले नियम तोंडाने बरोबर सांगत, आणि नको तो दिवा लागला तरी फुगा दाबत. नियम ठाऊक असणे आणि हाताला आवरणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम मुख्यतः कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्स करतो, आणि त्याची वाढ विशी ओलांडल्यावरही चालू असते. म्हणून मुलाला समजावणे आवश्यक असले, तरी घराची सुरक्षितता त्या समजावण्यावर सोडणे हा मुलावर टाकलेला, त्याला न पेलणारा भार आहे. आपण खाली आणलेला उंबरठा पुन्हा उंच करणे हे मोठ्यांचे काम. काडेपेटी आणि लायटर कुलुपात ठेवावेत. नुसता उंच फळीचा भरवसा धरू नये, कारण चार वर्षांचे मूल खुर्ची सरकवून चढते. लायटर मुलाला आणायला सांगू नये, आणि त्याची ज्योत दाखवून त्याला कधीही रमवू नये.

काडेपेटीशी खेळणाऱ्या मुलाकडे भावी गुन्हेगार म्हणून पाहण्याचीही एक रीत आहे. तिचा उगम १९६३ साली जॉन मॅकडोनाल्ड या मनोविकारतज्ज्ञाने मांडलेल्या लक्षणत्रयीत आहे: अंथरूण ओले करणे, आगी लावणे आणि प्राण्यांना छळणे. नंतरच्या संशोधनात या त्रयीला भक्कम आधार मिळाला नाही, तरी मालिका आणि सनसनाटी लेख तिला जिवंत ठेवतात. आगीचे कुतूहल बहुसंख्य मुलांना असते. वारंवार, मुद्दाम आणि लपून आग लावणाऱ्या मुलाला तज्ज्ञाची मदत जरूर द्यावी, परंतु दोन काड्या ओढलेल्या मुलाच्या कपाळी असा शिक्का मारणे अन्यायाचे आहे.

त्या शिक्क्याचा आणि धाकाचा थेट परिणाम आगीच्या गणितावर होतो. अग्निसुरक्षा अभियांत्रिकीत वाढत्या आगीचा जोर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात धरतात, म्हणजे वेळ दुप्पट झाला की जोर चौपट. झपाट्याने वाढणाऱ्या आगीसाठीची प्रमाणित आकडेवारी घेतली, तर पहिल्या मिनिटाअखेर ती सुमारे १७० किलोवॅट, दुसऱ्या मिनिटाअखेर सुमारे ६७५ किलोवॅट आणि अडीच मिनिटांत एक मेगावॅटच्या पुढे जाते. छताखालच्या धुराचे तापमान ६०० अंशांच्या आसपास पोहोचले, की खोलीतील सर्व वस्तू जवळजवळ एकाच वेळी पेट घेतात. मार बसेल या भीतीने मूल पांघरूण टाकून आग झाकू पाहते, किंवा स्वतः पलंगाखाली नाहीतर कपाटात लपते. त्याच्या लपण्याचा पहिला मिनिट हाच आग विझवता येण्याचा किंवा सर्वांना सुखरूप बाहेर पडता येण्याचा काळ असतो. यासाठी काडी पडली किंवा काही पेटले, तर ते जिथे आहे तिथेच सोडून धावत यायचे आणि सांगायचे, त्याबद्दल कोणीही रागावणार नाही, हे मुलाला आधीच आणि अनेकदा सांगून ठेवावे लागते. खोलीतून बाहेर पडण्याचा सराव त्याच्याबरोबर प्रत्यक्ष करावा लागतो. आणि ते धावत येईल त्या दिवशी दिलेला शब्द पाळावा लागतो.